आफ्टरसन (२०२२) : सुट्टीवर आलेला बाप आणि त्याने लपवलेलं दुखणं

केतकीपान

सूचना : खाली सगळी कथा उघड केली आहे. सिनेमा पाहायचा असेल तर आधी तो पाहा, मग इथे या.

शार्लट वेल्स या स्कॉटिश दिग्दर्शिकेचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. मे २०२२ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे पॉल मेस्कलला त्यातल्या बापाच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं एकच : यात काही घडतच नाही. मला त्यावरच बोलायचंय. घडतं, आणि फार मोठं घडतं. फक्त ते त्या मुलीच्या नजरेआड घडतं, आणि आपल्यालाही दिग्दर्शिकेने जवळजवळ तिच्याच जागी बसवलंय.

नव्वदच्या दशकाची अखेर. ११ वर्षांची सोफी आणि तिचा बाबा कॅलम तुर्कस्तानात समुद्रकाठच्या एका बेताच्या रिसॉर्टवर सुट्टीसाठी आलेत. आईबाबा वेगळे झालेले, सोफी एरवी आईकडे असते. कॅलम इतका तरुण की तिथली मुलं त्याला तिचा भाऊ समजतात. त्याचा एक हात प्लास्टरमध्ये आहे आणि ३१वा वाढदिवस तोंडावर आलाय. दिवसभर पोहणं, पूल टेबल, अंगाला क्रीम चोपडणं, रात्री हॉटेलातली नाचगाणी. सोफीच्या हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा. कैक वर्षांनी, स्वतः आई झालेली सोफी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावून बसलीय. एवढीच गोष्ट.

आता पहिल्या रात्रीचा प्रसंग बघा. दोन पलंग मागितले होते, खोलीत निघतो एकच. सोफी दमून त्यावर झोपून जाते, कॅलम स्वतःसाठी घडीची खाट लावतो. मग तो बाल्कनीत सिगारेट ओढायला जातो. कॅमेरा मात्र खोलीतच थांबतो. काचेचं दार बंद. आपल्याला ऐकू येतो फक्त सोफीचा झोपेतला श्वास. काचेपलीकडे कॅलम हळूहळू डोलायला लागतो. नाचतोय की तोल सावरतोय, कळत नाही. शॉट लांबतच जातो. मला तिथेच पोटात गोळा आला होता, आणि का आला ते सांगता येत नव्हतं.

पुढे सगळा सिनेमाभर हेच. कॅलमचं जे काही बिनसलंय ते काचेमागे, भिंतीमागे, रात्री, पाठमोरं. एका प्रसंगात चौकटीच्या मधोमध भिंत आहे. पलीकडे सोफी मासिक वाचत गप्पा मारतेय, अलीकडे बाथरूममध्ये कॅलम आपलं प्लास्टर स्वतःच कापून काढतोय. हाताला लागतं, रक्त येतं. आवाजात मात्र काडीचा फरक नाही. ती विचारते, तो उत्तर देतो. आईबाप झालेल्या कुणालाही हा आवाज ओळखता येईल. आपलं काहीही चाललेलं असो, दाराबाहेरून 'बाबाऽऽ' अशी हाक आली की जो आवाज आपोआप निघतो, तो.

माझं म्हणणं असं. कॅलम चांगला बाप आहे, आणि त्याचं डिप्रेशन लपतं ते त्या चांगुलपणाच्याच आड. डिप्रेशन आलेला बाप म्हटला की खाटेवर पडून राहिलेला, दाढी वाढलेला, पोरांवर खेकसणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. कॅलम सकाळी उठून ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करतो, मुलीला मनगट सोडवून घ्यायचा डाव शिकवतो, मोठी झाल्यावर पार्ट्या, मुलं, नशापाणी यांतलं काहीही मला येऊन सांग म्हणतो. जेवढी म्हणून ताकद शिल्लक आहे ती तो मुलीसमोर खर्च करतो. स्वतःसाठी काही उरत नाही. एकटा असताना तो जो दिसतो, तो या उरलेल्या काहीच नसण्यातला माणूस आहे.

आणि सोफीला अगदीच कळत नाही असं नाही. छान दिवस संपवून खोलीवर परत आल्यावर ती सांगते की कधी कधी हाडंच काम करत नाहीत असं वाटतं, सगळं दमल्यासारखं, बुडत चालल्यासारखं. कॅलम आत दात घासतोय. ते ऐकून त्याचा चेहरा जो उतरतो! आपलं दुखणं पोरीच्या तोंडून ऐकल्यावर कुठल्या बापाचं काय होईल? आपण इथे मजा करायला आलोय ना, असं काहीतरी बोलून तो विषय मिटवतो आणि आरशातल्या स्वतःवर थुंकतो. मेस्कलच्या अभिनयाबद्दल बोलताना लोक नेहमी रडण्याचा प्रसंग काढतात, मला हा त्याहून मोठा वाटतो.

तो रडण्याचा प्रसंगही सांगते, कारण जोडणी विलक्षण आहे. आदल्या रात्री कराओकेला सोफीने दोघांचं नाव दिलेलं असतं. कॅलम उठत नाही. ती एकटीच स्टेजवर जाऊन बेसूर गाते. परत आल्यावर तो म्हणतो, गाण्याचा क्लास लावू या. ती म्हणते, पैसे नाहीत हे माहीत असताना कबूल करत जाऊ नकोस. ११ वर्षांच्या मुलीने म्हटलेलं हे वाक्य त्याला कुठे लागलं असेल! त्या रात्री तो काळोखात समुद्रात चालत जाताना दिसतो. दुसऱ्या दिवशी तो माफी मागतो. सोफी मोठ्या मनाने सहलीतल्या अनोळखी लोकांना गोळा करून त्याच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावते. कॅलम जुन्या अवशेषांच्या पायऱ्यांवर वर उभा, खाली सगळे गाताहेत. त्याच्यावरूनच दृश्य विरघळत जातं ते पलंगाच्या कडेवर उघड्या पाठीने बसून हमसाहमशी रडणाऱ्या कॅलमवर. जवळ सोफीला लिहिलेलं एक पोस्टकार्ड पडलेलं असतं. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, हे कधी विसरू नकोस, अशा अर्थाचं.

पुढे त्याचं काय झालं, हे सिनेमा सांगत नाही. मला वाटतं, तो त्यानंतर फार जगला नाही. वेल्सचे स्वतःचे वडील ती १६ वर्षांची असताना गेले आणि या सिनेमातल्या भावना आपल्या आयुष्यातल्या आहेत असं तिने सांगितलंय. पण प्रसंग कल्पित आहेत, त्यामुळे तिच्या वडिलांवरून कॅलमचा निकाल लावू नये.

तुम्हाला काय वाटलं ते लिहा. विशेषतः ज्यांना आवडला नाही त्यांनी.

---

वऱ्हाडी_माणूस

लेख चांगला लिहिला आहे. नावडलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

अभिनयाबद्दल वाद नाही, पोरगी तर अप्रतिम. पण मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. बाप गेलेली घरं जवळून पाहिली आहेत. आमच्याकडे असा बाप गेला की पोरांच्या वाट्याला सोसायटीचं कर्ज येतं, आईला तहसीलच्या चकरा येतात, मोठ्या पोराची शाळा सुटते. त्या पोरांना नंतर विचारा, बाप हळवा होता का, त्याच्या आत काय चाललं होतं. ती सांगतील, गेला अन् आम्हाला सोडून गेला. हा सिनेमा कॅलमकडे इतक्या मायेने बघतो की मागे राहिलेल्या पोरीचा राग त्यात कुठेच दिसत नाही. त्रास होता तर बोलायचं होतं. मुलीला सगळं सांग म्हणतो अन् स्वतः कुणालाच काही सांगत नाही. मला त्याचा रागच आला, अन् तो राग अजूनही गेलेला नाही.

---

निळीशाई

केतकीपान, बाल्कनीच्या शॉटबद्दल अगदी हेच वाटलं होतं.

एक भर घालते. आपल्या घरांमधले त्या काळातले व्हिडिओ आठवून पाहा. मुंजीचे, वाढदिवसाचे, महाबळेश्वरच्या ट्रिपचे. हँडीकॅम बाबांच्या हातात. म्हणजे बाबा कॅसेटमध्ये नसतातच, असतो तो त्यांचा आवाज : 'इकडे बघ', 'हात हलव'. या सिनेमात कॅमेरा मुलीच्या हातात आहे, म्हणून बाप सापडतो तरी. आणि तिने एक प्रश्न विचारताच तो आक्रसतो. तू ११ वर्षांचा होतास तेव्हा आता काय करत असशील असं वाटायचं तुला? हा प्रश्न सुरुवातीलाच येतो, तिथे चित्र गोठतं. पुढे तोच प्रसंग खोलीतल्या टीव्हीच्या पडद्यावर पुन्हा दिसतो. तो कॅमेरा बंद करायला लावतो आणि मग, काळ्या झालेल्या पडद्यातल्या प्रतिबिंबात, आपल्या ११व्या वाढदिवसाची आठवण सांगतो : घरात कुणाच्याच लक्षात नव्हता. त्याने आईला आठवण करून दिली तर तिने कान धरला आणि वडिलांना सांगून दुकानात पाठवलं. त्याने लाल रंगाचा खेळण्यातला फोन घेतला.

त्याच्या दुखण्याचं कारण म्हणून सिनेमा हे देत नाही. नुसतं एक पान उघडून दाखवतो आणि मिटतो. पण ज्याचा स्वतःचा वाढदिवस घरात विसरला गेला, त्याच्याच वाढदिवसाला मुलगी अख्ख्या सहलीला गायला लावते, आणि ते त्याला सोसत नाही. मला त्या दोन प्रसंगांचं नातं दुसऱ्यांदा पाहताना लागलं.

अवांतर : शेवटी कॅलम आणि सोफी ज्यावर नाचतात ते 'अंडर प्रेशर' हे १९८१ चं गाणं. गाणाऱ्या दोघांपैकी फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. वेल्सने गाण्यातलं संगीत हळूहळू मागे सारून नुसते गळे पुढे आणलेत. दोन माणसं जीव तोडून काहीतरी विनवताहेत असं वाटतं.

---

मनोवैद्य

मी मानसोपचार क्षेत्रात काम करतो. कल्पित पात्राचं निदान करणं मला रुचत नाही, सिनेमाही कुठे आजाराचं नाव घेत नाही. पण कॅलममधल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला रोज दिसतात, त्या नोंदवतो.

पुरुषांमध्ये डिप्रेशन बऱ्याचदा रडवेलं नसतं. चिडचिड, दारू, जिवाची बेफिकिरी, अवाजवी खर्च अशा रूपात ते येतं. कॅलम समोरून येणाऱ्या बसकडे न बघता रस्ता ओलांडतो, बाल्कनीच्या कठड्यावर चढून उभा राहतो. खिशाला परवडत नसताना गालिचा विकत घेतो. ध्यानधारणेची आणि ताई-चीची पुस्तकं खोलीत असतात, म्हणजे बरं होण्याची धडपड चालू आहे, पण एकट्याने. पुस्तकं वाचून, व्यायाम करून, कुणाला कळू न देता. आमच्याकडे येणारे बहुतेक पुरुष आधी हेच करून आलेले असतात.

वऱ्हाडी_माणूस, 'बोलायचं होतं' हे तुमचं म्हणणं मी टाळत नाही. आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. त्यांत दर १० मध्ये ७ पुरुष. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात, २२,७४६. कर्ज, नापिकी, घरातली भांडणं, दारू, आजारपण ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, सगळं डिप्रेशनवर ढकलणं चूक ठरेल. पण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात डिप्रेशन असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. तेव्हा बोलायचं कुणाशी, हाही प्रश्न आहे.

सोफीच्या हाडं दमण्याबद्दल : घरात आईला किंवा वडिलांना डिप्रेशन असेल तर मुलांमध्ये त्याची शक्यता वाढते, हे खरं. वाढते, ठरलेली नसते. बापाचा चेहरा तिथे का उतरला याचं उत्तर मला त्यात दिसलं.

---

शनिवारचा_बाबा

मी घटस्फोटित आहे. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे मुलगा ठरावीक शनिवारी आणि मे महिन्याच्या अर्ध्या सुट्टीत माझ्याकडे येतो. त्यामुळे मी हा सिनेमा वेगळ्याच जागेवरून पाहिला.

थोड्या दिवसांत सगळा बाप पुरवायचा असतो. एरवीचे आईबाप रागावतात, कंटाळतात, 'आता नको, मला काम आहे' म्हणतात. मला ते म्हणायची सोय नाही. तो आला की मी ताजातवाना पाहिजे. आदल्या रात्री झोप लागलेली नसली तरी सकाळी आंबोळ्या व्हायलाच पाहिजेत. म्हणून कॅलमने कराओकेला नकार दिला तो क्षण मला फार जड गेला. तो वाईट वागला असं नव्हे, त्याची शिल्लक तिथे संपली. आणि ती संपलेली मुलीने पाहिली.

गालिच्याबद्दल डॉक्टरसाहेब म्हणतात ते बरोबर असेल, मला अजून एक दिसतं. गाण्याचा क्लास महिन्यामहिन्याने भरायचा, म्हणजे पुढचे महिने आपण असू याचा भरवसा लागतो. गालिचा एकदा घेतला की झालं, तो टिकतो. दुकानात तो त्या गालिच्यावर नुसता पडून राहतो बघा. मोठ्या सोफीच्या घरात तोच गालिचा आहे, मध्यरात्री तिचं बाळ रडतं तेव्हा ती पलंगावरून उतरते ती त्याच्यावर. त्याने तो तिच्यासाठीच घेतला होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या बापाकडे द्यायला घर नाही, रोजचा सहवास नाही, त्याला काहीतरी धड, जाडजूड, पिढीभर टिकणारं द्यावंसं वाटतं. हे मी समजू शकतो.

---

केतकीपान

शनिवारचा_बाबा, हे सुचलंच नव्हतं. क्लास आणि गालिचा यांतला फरक आता सिनेमा पुन्हा पाहताना डोक्यात राहील.

वऱ्हाडी_माणूस, तुमच्या रागाला मी खोटं ठरवणार नाही. तुम्ही ज्या घरांबद्दल लिहिता तिथे राहून बोलण्याचा अधिकार तुम्हालाच आहे. पण सोफीचा राग सिनेमात नाही, हे मला मान्य नाही. मधून मधून तो काळोख्या डिस्कोतला, उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा प्रसंग येतो ना? तिथे मोठी सोफी आपल्याच वयाच्या बापाला गाठते. शेवटी गाठते तेव्हा ती त्याला मिठी मारते, ओरडते आणि ढकलतेही. तोच नाच, तेच गाणं लहानपणी आहे तेव्हा बाप तिला जवळ ओढतो आणि ती आधी लाजून नकार देते. वेल्सने दोन्ही एकमेकांत विणलेत. त्या ढकलण्यात तुमचा राग आहे. माया आणि राग दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच मिठीत.

आणखी एक वाचलेलं सांगते. सोफीचं काम करणाऱ्या फ्रँकी कोरिओला ८०० हून जास्त मुलींमधून निवडलं. चित्रीकरणाआधी तिला आणि मेस्कलला एकत्र राहून मैत्री करायला वेळ दिला होता. कॅलमचे एकट्याचे प्रसंग मात्र तिच्यापासून दूर ठेवले होते. म्हणजे पडद्यावर जे सोफीला माहीत नाही ते फ्रँकीलाही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा कमावलेला वाटत नाही, तो त्यामुळे असेल.

---

गोदाकाठ

इथे सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझे वडील शिक्षक होते. शाळेत मुलांचे लाडके, गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. आम्हा भावंडांना घेऊन सायकलवरून गंगापूर धरणावर जायचे, तिथे भेळ, कणसं, गाण्यांच्या भेंड्या. घरी आल्यावर ते मोरीत जायचे आणि नळ सोडून बसायचे. बादली भरून वाहत राहायची. पाण्याचा एवढा आवाज का येतोय म्हणून मी एकदा दार वाजवलं, तर आतून नेहमीचा आवाज आला, 'आलो गं, पाय धुतोय.' बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. आई म्हणाली, बाबांना पित्त झालंय. आमच्या घरात बरीच वर्षं बाबांना पित्तच होत असे.

प्लास्टर कापण्याच्या प्रसंगात तो कॅलमचा शांत आवाज ऐकला आणि मी सिनेमा थांबवला. दुसऱ्या दिवशी पुरा केला.

बाबांचं पुढे निभावलं. मामाने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळ्या मानवल्या नाहीत, बदलल्या, मग हळूहळू झोप लागायला लागली. आता ते नातवंडांबरोबर भेंड्या खेळतात आणि दमले की सरळ सांगतात, मी आत जाऊन पडतो जरा. मुलांना त्याचं काही वाटत नाही. आजोबा दमलेत एवढंच त्यांना कळतं आणि तेवढं पुरतं. आम्हालाही तेव्हा एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. बाबांचे डोळे लाल का, याचं उत्तर मी स्वतःत शोधायचे. माझ्या गणिताच्या मार्कांमुळे असेल, असं मला किती तरी दिवस वाटायचं.

वऱ्हाडी_माणूस, तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

---

वऱ्हाडी_माणूस

गोदाकाठ ताई, मनापासून लिहिलंत. वडिलांना नमस्कार सांगा.

केतकीपान, तो डिस्कोचा प्रसंग मी परत पाहिला. ढकलते हे खरं आहे. तरी माझं मन एवढ्याने भरत नाही. मोठ्या सोफीचं आयुष्य दोन-चार शॉटमध्ये उरकलं आहे. तिने मधली वर्षं कशी काढली, आईने काय केलं, यावर सिनेमा गप्प आहे. गेलेल्या माणसाला सगळा वेळ अन् राहिलेल्यांना पाच मिनिटं. आमच्याकडे पेपरातही तेच होतं.

---

मांडवीतीर

मोठ्या सोफीबद्दल बोलणं निघालंच आहे तर एक मुद्दा. ती तान्ह्या बाळाची आई आहे, रात्री बाळ रडतंय, तिचा वाढदिवस आहे आणि ती नेमकी आत्ताच बापाच्या कॅसेट पाहते. हे आत्ताच का?

मी गोव्यात आरोग्य क्षेत्रात काम करते. आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या डिप्रेशनचा अभ्यास केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये डिप्रेशन आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण यांचा संबंध तर होताच, मुलगी झाली याचाही होता. मुलगा हवा असताना मुलगी झालेल्या बाईला घरात काय सोसावं लागतं ते वेगळं सांगायला नको. आणि बापांचं म्हणाल तर २०१० साली जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण १० टक्के वडिलांना डिप्रेशन येतं असं दिसलं. आपल्याकडे बाळाला डोस द्यायला आई येते, तिलाही 'झोप लागते का गं' म्हणून क्वचितच विचारतात. बापाला तर कुणीच विचारत नाही, तो बाहेर स्कूटरपाशी उभा असतो.

मोठी सोफी त्या कॅसेटमध्ये आपल्या बापाबरोबर स्वतःलाही तपासत असावी, असं मला वाटतं. हाडं दमल्याचं ती ११व्या वर्षीच बोलून गेली होती.

---

निळीशाई

मांडवीतीर, +१.

मराठीत या विषयाच्या जवळ जाणारा म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालेला. तिथे दुखणाऱ्या तरुण मुलाला अनोळखी माणसं सांभाळतात, कासवाच्या अंड्यांना जपावं तसं. डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, निर्मितीतही होते. वऱ्हाडी_माणूस, तुम्ही तो पाहाच. तिथे सांभाळणाऱ्यांना भरपूर वेळ दिलाय. कॅलमला असं कुणी भेटत नाही.

---

जास्वंदी

मला एक प्रसंग सोडवत नाहीये. बोटीवर कॅलम डायव्हिंगच्या माणसाशी बोलताना सहज म्हणून जातो की चाळिशीतला मी काही डोळ्यांपुढे येत नाही, तिशी गाठली याचंच नवल. अख्ख्या सिनेमात तो खरं बोलतो ते एवढंच, आणि तेही अनोळखी माणसापाशी. तो माणूस काही बोलत नाही. बोट पुढे जाते.

विचारते अशासाठी की माझा मोठा भाऊ गेल्या महिन्यात जेवताना असंच काहीतरी बोलला. त्याला दोन लहान मुलं आहेत. 'माझ्या विम्याचे कागद कुठे आहेत ते तुला दाखवून ठेवतो' म्हणाला, हसत हसतच. वहिनी म्हणाली, काहीही बोलतोस, आणि आम्ही आमरस वाढायला घेतला. सिनेमा पाहिल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्या बोटीवरच्या माणसाने काय म्हणायला हवं होतं?

---

मनोवैद्य

जास्वंदी, बोटीवरच्या माणसाचं सोडा. भावाला आज फोन करा, जमलं तर भेटाच. सगळ्यांसमोर नको, एकट्याला गाठा. मुलं जवळ नसताना.

सल्ल्याने सुरुवात करू नका. त्या दिवशी तू विम्याचं बोललास ते माझ्या मनात राहिलंय, एवढंच सांगा. झोप कशी लागते, पहाटे जाग येते का, जेवण जातं का, दारू वाढलीय का, पैशांची काही अडचण आहे का, हे विचारा. मग सरळ विचारा : जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असे विचार येतात का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसं मोकळी होतात, हे आम्ही वारंवार पाहतो.

'हो' म्हणाला तर घाबरून ओरडू नका, 'मुलांचा तरी विचार कर' म्हणू नका. मुलांचा विचार तो करतच असतो, आणि माझ्याशिवाय ती सुखी राहतील इथपर्यंत आजार त्याला घेऊन गेलेला असतो. त्याला एकटं सोडू नका, घरात कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या असं काही असेल तर हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बरोबर जा. चिठ्ठीवर नंबर लिहून देऊन भागत नाही. 'नाही, तसं काही नाही' म्हणाला तरी आठवड्याने पुन्हा विचारा.

आणि तो म्हणेल, पोलीस केस होईल, बभ्रा होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत.

---

शनिवारचा_बाबा

जास्वंदी, मला माझ्या बहिणीनेच विचारलं होतं, गाडीत, पुढे बघत. समोरासमोर बसून विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. भाऊ गाडी चालवत असेल तर शेजारी बसून विचारून पाहा.

---

जास्वंदी

तुम्हा दोघांचे आभार. संध्याकाळी त्याला मुलांचे दप्तर घ्यायला बाजारात जायचंय, मी बरोबर जाते म्हणून कळवलंय. मुलांना वहिनीकडे ठेवणार.

१४४१६ वर मराठीत बोलता येतं का? त्याचं इंग्रजी-हिंदी बोलणं जेमतेम आहे.

---

मनोवैद्य

हो, फोन लागला की भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. घरच्यांनी फोन केला तरी चालतो, आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. काय बोलणं झालं ते जमेल तेव्हा इथे किंवा निरोपातून कळवा.